तीन दगडांच्या खुणा

“काळं पूर्ण निघालं पाहिजे, मावशी. फोटोत घाण दिसते.”

अनघा मॅडमनी खापर माझ्यापुढे धरलं. तळहाताएवढं, जाड, भांड्याच्या बुडाचं. बाहेरून काळं कुळकुळीत. मी दोनदा ब्रश फिरवून ते ट्रेमध्ये ठेवलं होतं. त्यांनी ते उचलून परत माझ्या टबात टाकलं.

“ही घाण नाही,” मी म्हणाले. “काजळी आहे. चुलीची.”

“असेल. तुम्ही फक्त धुवा.”

मी धुतलं. जोर लावून धुतलं. पाणी काळं झालं, खापर विटकरी झालं आणि ते कशाचं होतं हे सांगणारी एकुलती एक गोष्ट मोरीतून गेली. असं मी दोन महिने केलं. चौदा गोण्या.

ही सार्सची साथ गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आम्ही सिंगापुरात बिशानला राहायचो. नवरा तुआसच्या कारखान्यात वेल्डिंगवर होता. आम्हाला पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळालं होतं, म्हणून मलाही काम करता येत होतं. एका संस्थेने बंद पडलेल्या शाळेच्या तळमजल्यावर तीन खोल्या घेतल्या होत्या. मी तिथे झाडायला-पुसायला जायचे. खोल्यांची देखरेख मिस्टर कोह करायचे. साठीचे, चिनी, कायम हाफ पँटमध्ये. एक दिवस त्यांनी मला फुटक्या मडक्यांच्या तुकड्यांचा ट्रे दाखवला आणि विचारलं, “आंटी, हे धुणार? पाठ दुखत नाही ना?” पाठ दुखायची, पण मी हो म्हटलं. खापरं धुण्यासाठी कुणी माणूस ठेवतं हेच मला नवल होतं.

काम सोपं आहे. सुमात्रा बेटावर हजार वर्षांपूर्वीचा एक मोठा बौद्ध मठ आहे, विटांचा. तिथे खणताना जे सापडलं ते अभ्यासासाठी सिंगापूरला आणलं होतं. प्रमुख एक प्रोफेसर होते, आणि अनघा मॅडम त्यांच्या हाताखाली त्यावर लिहीत होत्या. खणणारे लोक जमिनीचे चौकोन पाडतात. ज्या चौकोनात जे सापडेल ते त्याच चौकोनाच्या पिशवीत. पिशवीवर नंबर. सी-७ म्हणजे सी नावाची इमारत, सातवा चौकोन. मी पिशवी उघडायची, तुकडे टबात भिजवायचे, दात घासायच्या ब्रशने माती काढायची, जाळीवर वाळवायचे. वाळले की प्रत्येक तुकड्यावर बारीक पेनने पिशवीचा नंबर लिहायचा आणि त्यावर नखांना लावायचं बिनरंगाचं पॉलिश फासायचं, म्हणजे शाई जात नाही. सी आणि आकडे. चौथी पास बाईला एवढं येतं.

मधल्या देवळांमधून मूर्तींचे तुकडे आले, चिनी मातीच्या वाट्या आल्या. ते सगळं कापसात ठेवायचे. सी इमारत बाजूला होती, खंदकाच्या कडेला. लांबलचक. तिथून फक्त जाडीभरडी खापरं आली. चाळीस गोण्या. भिंतीवर त्या इमारतीचा नकाशा लावला होता. जमिनीत विटांची गोल कोंडाळी होती, ओळीने, जात्याएवढी. त्यांच्यापुढे लिहिलं होतं, ‘छोट्या स्तूपांचे पाये’. इमारतीवर लिहिलं होतं, ‘ध्यानाच्या खोल्या’. रेणूने, माझ्या मुलीने, एकदा शाळेतून येता येता तिथे थांबून मला ते वाचून दाखवलं होतं.

माझे वडील कुंभार होते, सिन्नरच्या बाजूला. चौथीनंतर मला शाळेतून काढलं, कारण आई अंथरुणाला खिळली आणि मडकी थापायला हात कमी पडले. त्यामुळे विटांचं कोंडाळं बघून मला स्तूप आठवत नाही. रांजणाचं बूड गोल असतं, तो जमिनीवर उभा राहत नाही. त्याला खाली बसायला कोंडाळं लागतं. आमच्याकडे विटांचं करायचे, डोक्यावर घ्यायचा असला तर चिंध्यांचं, म्हणजे चुंबळ. हे सांगायला मला कुणी विचारलं नव्हतं. आणि न विचारता बोलणं मला जमत नाही. बाजारात उरलेले सुट्टे पैसे मागायचे तरी माझी मान खाली जाते.

पंधराव्या गोणीत एका भांड्याचं बूड आलं, दोन तुकड्यांत. जुळवलं तर पूर्ण. काळंभोर, आणि त्या काळ्यावर तीन फिके ठिपके. आपण त्रिकोण मांडतो तसे.

मी ब्रश खाली ठेवला.

गोल बुडाचं मडकं तीन दगडांवर बसतं. जाळ सगळीकडून लागतो, पण दगड जिथे टेकतो तिथे लागत नाही. तेवढी जागा फिकी राहते. आईच्या सगळ्या मडक्यांना अशा तीन खुणा होत्या. त्या कुणी मुद्दाम करत नाही, म्हणून खोट्या असत नाहीत.

“मिस्टर कोह,” मी हाक मारली. माझं इंग्रजी तेव्हा मोजकं होतं. “लुक. थ्री स्टोन.”

त्यांनी चष्मा वर केला. बूड हातात फिरवलं. मग हसले. “माय ग्रँडमा, आंटी. कांपोंगमध्ये. सेम सेम.” कांपोंग म्हणजे इथलं जुनं खेडं, पत्र्याच्या आणि झावळ्यांच्या घरांचं. ते पुंगोलच्या बाजूच्या अशाच खेड्यात वाढले होते. “भाताखालचं करपलेलं मला द्यायची. बेस्ट पार्ट.”

त्या दिवसापासून मी काळं घासणं बंद केलं. माती तेवढी पाण्यात हलवून काढायची आणि वाळवायचं. मॅडम महिनाभर पुण्याला गेल्या होत्या, त्यामुळे बघायला कोणी नव्हतं. उरलेल्या सव्वीस गोण्या मी माझ्या पद्धतीने केल्या; घासायचं नव्हतं, म्हणून भराभर झाल्या. तेव्हा आणखी गोष्टी दिसायला लागल्या. साधं खापर पाण्यात टाकलं की पाणी पितं, बारीक बुडबुडे सुटतात. काही खापरं पीतच नव्हती. पाणी अंगावरून ओघळून जायचं. तेल मुरलेल्या मडक्याचं असंच होतं. काहींच्या आतून पांढरा थर होता, जुन्या माठाला धरतो तसा. म्हणजे पाण्याची. आणि मोठ्या रांजणांचे तुकडे आतून स्वच्छ, कोरडे, तळाशी ओरखडे. मापटं घालून घालून पडतात तसे. म्हणजे धान्याची.

मला हे सगळं ठाऊक झालं होतं आणि भिंतीवर ‘ध्यानाच्या खोल्या’ तसंच होतं.

मॅडम परत आल्या. त्याच आठवड्यात मिस्टर कोह मोरीपाशी येऊन उभे राहिले. नेहमी बोलताना ते टबाच्या कडेवर टिचकी मारायचे. त्या दिवशी मारली नाही.

“आंटी, महिनाअखेर खोल्या परत द्यायच्या. शुक्रवारी लॉरी येणार. सी सगळं जाणार.”

“कुठे?”

“फेकायला लाह.” लाह हे इथल्या बोलण्याचं नुसतं शेपूट. “प्रोफेसरांची सही झाली. मोजायचं, प्रत्येक प्रकारचा एक तुकडा ठेवायचा, बाकी गो. सुमात्रावाल्यांनी मूर्ती आणि वाट्या परत मागितल्या. खापरं नको म्हणाले.”

“चाळीस गोण्या?”

“चाळीस. तुम्हीच बाहेर आणून ठेवायच्या, असं लिहिलंय.” त्यांनी कागद दाखवला नाही. नजर दुसरीकडे केली.

जे मी धुतलं, वाळवलं, ज्याच्या प्रत्येक तुकड्यावर नंबर घातला, ते मीच कचऱ्यात नेऊन टाकायचं. माझे कान तापले. हात पुसले आणि मॅडमच्या खोलीत गेले. त्या मला मावशी म्हणायच्या, मी त्यांना मॅडम. माझ्या रेणूपेक्षा त्या फार तर दहा वर्षांनी मोठ्या.

“सी फेकायचं ठरलं?”

“हो.” त्या कॉम्प्युटरवर बघत होत्या.

“का?”

आता त्यांनी वळून पाहिलं. मी कधी ‘का’ विचारलं नव्हतं. “त्यात काही नाही, मावशी. जाडी भांडी. भिक्षू राहायचे तिथे, थोडंफार सांडलवंड असणारच.”

“तिथे चुली होत्या. तीन दगडांच्या.”

“चुली कशा असतील?” त्या समजावण्याच्या सुरात म्हणाल्या. “भिक्षू स्वयंपाक करत नाहीत. धान्य साठवत नाहीत. त्यांचा नियमच आहे तसा, पुस्तकात आहे. भिक्षा मागायची आणि खायचं. माझ्या चॅप्टरमध्ये हे सगळं आलंय आणि तो सबमिट झालाय.”

“एवढ्या मोठ्या मठाला रोज भिक्षा कोण घालत होतं?”

“मावशी, प्लीज. मला आज हे पाठवायचंय.”

मी बाहेर आले. इतका राग मला क्वचित आला असेल. नियम होता, मान्य. आमच्या गावातले एक महाराजही चुलीला हात लावायचे नाहीत. चूल त्यांची बहीण फुंकायची, सूर्य उगवायच्या आधी. पुस्तक लिहिणाऱ्याने महाराजांचा नियम लिहिला असता आणि बहिणीची राख उकिरड्यावर गेली असती. इथे हजार वर्षांनी तेच चाललं होतं आणि उकिरड्यावर नेण्याचं काम माझ्याकडे होतं.

घरी रेणूला सांगितलं. ती सेकंडरी थ्रीत, म्हणजे आपल्या नववीत होती.

“देन टेल द प्रोफेसर लाह, आई.”

“मला बोलता येत नाही.”

“यू टॉक सो मच ॲट होम.”

“घरी तू आहेस.”

तिने खांदे उडवले. मग थोड्या वेळाने मराठीत म्हणाली, “बोलता येत नसेल तर दाखव ना.”

पोरीने सहज म्हटलं आणि पुस्तकात डोकं घातलं. मी मात्र भाकरी थापता थापता थांबले.

गुरुवारी मी लवकर गेले. कॅन्टीनसमोर छपराखाली मोठा चौक होता, जिथे पूर्वी मुलं रांगेत उभी राहायची. मी भिंतीवरचा सीचा नकाशा काढून आणला. शाळेतच सापडलेल्या खडूने चौकात सगळे चौकोन आखले, मोठे, पावलांनी मोजून. दार जिथे तिथे दार. खंदक जिथे तिथे खंदक. कोंडाळी जिथे तिथे गोल. मग गोण्या ओढायला लागले.

मिस्टर कोह आले तेव्हा तिसरी गोणी रिकामी होत होती.

“आंटी, यू सियाव आह?” सियाव म्हणजे वेडी.

“शुक्रवार उद्या आहे ना? गोण्या बाहेर आणायच्या ना? आणते आहे.”

ते चौकाच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले. खडूच्या रेषांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या काळ्या बुडाकडे पाहिलं. मग चपला काढून ठेवल्या आणि पुढची गोणी खांद्यावर घेतली. “माझी पाठ गेली तर बिल तुम्हाला,” म्हणाले.

नंबर वाचायचा आणि त्या चौकोनात ठेवायचं. काळं एका ढिगात, तेलाचं दुसऱ्या, पाण्याचं तिसऱ्या, रांजणाचं चौथ्या. काही लावायचं नव्हतं, रचायचं नव्हतं. नंबर नेतील तिकडे. दुपारनंतर मी न घासलेल्या सव्वीस गोण्यांची खापरं अशी पडली की मिस्टर कोह शेवटी खाली बसले. पाण्याची सगळी खंदकाकडच्या दारापाशी. काळी एका रांगेत, पाठच्या भिंतीला लागून. तेलाची त्यांच्या हाताशी. रांजणाची बरोबर त्या विटांच्या गोलांवर. कुणीतरी दारातून पाणी आणतंय, कोठारातून तांदूळ मोजून काढतंय, चुलीकडे नेतंय. माणूसच तेवढा नव्हता.

पश्चिमेकडचं अर्धं अंगण मात्र नुसतं विटकरी होतं. पहिल्या चौदा गोण्यांचं. तिथे काळा ढीग नव्हता. तो मी घासला होता.

शुक्रवारी नऊ वाजता प्रोफेसर आले. इंग्रज, उंच, पाठीत वाकलेले. बरोबर मॅडम. लॉरी फाटकाबाहेर उभी होती.

मॅडम चौकाच्या कडेला थबकल्या. “हे काय केलंय, मावशी? नुसत्या गोण्या बाहेर आणायच्या होत्या. हे आता परत कोण भरणार?”

प्रोफेसर रेषांच्या मधून चालत गेले. वाकून नंबर वाचले. नकाशा मागितला. परत चालले. बराच वेळ. मग विचारलं, “हे काळं काय?”

मी तीन अर्ध्या विटा मांडून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर ते जुळवलेलं बूड ठेवलं. फिका ठिपका विटेवर, दुसरा विटेवर, तिसरा विटेवर. बूड बसलं. मग पाण्याची वाटी घेतली. साध्या खापरावर थेंब टाकला, त्याने तो पिऊन टाकला. तेलाच्या खापरावर टाकला, तो मण्यासारखा उभा राहिला.

प्रोफेसर गुडघ्यावर बसले. त्यांनी स्वतः चार थेंब टाकून पाहिले. म्हणाले, हे मशीनवर तपासून घ्यावं लागेल. पण त्यांचा आवाज बदलला होता. “किचन,” ते म्हणाले. “स्टोअरहाऊस अँड किचन. कुणाच्या लक्षात आलं?”

“वुई नोटिस्ड...” मॅडमनी सुरुवात केली.

इंग्रजी मला फार येत नव्हतं, पण ‘वुई’ येत होतं.

“नो, प्रोफ,” मिस्टर कोह मागून म्हणाले. “आंटी वन. आंटी ओन्ली. मी फक्त हमाल.”

प्रोफेसर पश्चिमेकडे वळले. “आणि इथे? या अर्ध्यावर काजळी का नाही? इथली भांडी जाळावर चढलीच नाहीत?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. हळूच म्हणाल्या, “शी वॉश्ड दोज.” तिने धुतली.

खरंच होतं ते. मीच धुतली होती. आणि तेवढंच खरं उरलं असतं, तर इतक्या वर्षांनी आजही मी ते सोसत बसले असते. चार शब्द जुळवायला किती वेळ गेला माहीत नाही. लॉरीवाल्याने एकदा हॉर्न वाजवला.

“शी से,” मी म्हणाले, “ब्लॅक मस्ट गो. आय से, फायर. शी से, ओन्ली वॉश.”

त्या संस्थेत मी इंग्रजीत बोललेलं ते सर्वात लांब बोलणं. प्रोफेसरांनी मॅडमकडे पाहिलं. ओरडले नाहीत. टोपी काढली, परत घातली. मग मिस्टर कोहना म्हणाले, लॉरी परत पाठवा.

मिस्टर कोहनी ड्रायव्हरला कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजली आणि रिकामी लॉरी पाठवून दिली. पुढच्या आठवड्यात सगळा चौक फोटो काढून, नंबरवार परत गोण्यांत भरला. गोण्यांना दुसरीकडे जागा मिळाली. मशीनवर तपासलं तेव्हा खापरांत तेलच निघालं. मॅडमनी मला एक शब्द विचारला नाही आणि नंतर मावशी म्हणणंही सोडलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

दोन वर्षांनी रिपोर्ट छापून आला. मिस्टर कोहनी एक प्रत माझ्यासाठी मागून घेतली. रेणूने वाचून दाखवली. सी आता ‘कोठार आणि स्वयंपाकघर’ आहे. त्या प्रकरणावर नाव अनघा मॅडमचं आहे. सुरुवातीला ‘प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार’ आहेत. तीन खुणांच्या बुडाचा मोठा फोटो आहे, त्यात ते धरलेला माझा हात आहे, हिरव्या बांगड्यांसकट. रेणूने खालची ओळ वाचली आणि पुढे सांगेना. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “हात मापासाठी ठेवला आहे, असं लिहिलंय.”

मी पुढे वाचायला सांगितलं.

शेवटी एक वाक्य आहे. इमारतीच्या पश्चिमेकडील भागात स्वयंपाकाच्या खुणा मिळाल्या नाहीत, त्यामुळे त्याचा उपयोग काय होता हे कळत नाही.

कळत होता. दोन महिने रोज माझ्या टबात कळत होता. त्यानंतर मी अजून दोन ठिकाणी हेच काम केलं. नवीन ठिकाणी पहिल्या दिवशी मी ब्रश मागत नाही. आधी विचारते, काळ्याचं काय करायचं, आणि ते सांगणाऱ्याकडून कागदावर लिहून घेते.